तीन चिऱ्यांची रात्र

मोले, २८ मे

घर तीस किलोमीटरवर, आणि आम्ही गोव्यातल्या मोलेला मुक्कामाला! फोंडा गाठायला तासभर पुरला असता. पण सकाळी हंपीहून निघून धारवाड, अळणावर, रामनगर करत अनमोडचा घाट उतरेपर्यंत दिवेलागण झाली. अख्खा घाट ट्रकांच्या मागे दुसऱ्या गिअरवर. नवऱ्याचे खांदे भरून आले होते. "आता पुढे नको," म्हणाला. मी कुरकुरले, कारण मला माझी न्हाणी दिसायला लागली होती. बाबा मात्र लगेच "थांबूया थांबूया" म्हणाले. उद्या दुपारी भाड्याची कॅम्पर व्हॅन परत द्यायची आहे, हे त्यांनी दोन दिवसांत चारदा विचारून घेतलंय.

पर्यटनस्थळी उघड्यावर रांधायला सरकारने २०२२ पासून बंदी घातलीय, आणि इथे तर अभयारण्याचा शेजार. म्हणून एका कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, जागा घेतली. आत शिरलो तर बागेच्या मालकीण काकींचं पहिलं वाक्य, "गाडी मागीर, आधी सोलां आत घेया!" आभाळ भरून आलं होतं आणि अंगणभर चटयांवर भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलं. आमची गाडी तशीच आडवी टाकून आम्ही चौघं धावलो. पुन्हा पुन्हा रसात बुडवून उन्हात घातलेली सोलं, वरून काळी, मुठीत धरली की चिकट आणि थंड. शेवटची चटई ओसरीवर ओढली आणि टपोरे थेंब आले. पाच मिनिटांचा पाऊस, पण तेवढ्याने पंधरा दिवसांची मेहनत गेली असती. माझे तळवे अजून जांभळे आहेत. साबणाने जात नाहीत.

मग अंधारात गाडी लावायचा सोहळा. पोफळींच्या कडेची जमीन पाटाकडे उतरती. झोपलं तर डोकं खाली, पाय वर. काकींनी दगडी कुंपणाच्या गडग्यातले तीन चिरे काढून दिले. मी आत ओट्यावर पाण्याची वाटी ठेवून ओरडत होते, "अजून थोडं! नको नको, मागे!" तिसऱ्या चिऱ्यावर चाक चढलं आणि कट्ट आवाज आला. पाणी वाटीत सरळ झालं, तेव्हा कोणी खाली वाकून बघितलं नाही.

जेवण म्हणजे काकींकडून आलेली सोलकढी आणि आमचा खिचडीभात. दिवे मालवल्यावर पाटाच्या पलीकडे काजवे. फार नाहीत, पण एकाच झाडावर. मध्येच कुळेच्या बाजूने आगगाडीची घरघर सुरू झाली आणि बराच वेळ हटेना. बाबा अंधारात म्हणाले, "चढतेय ती. कॅसलरॉकपर्यंत चढ एकास सदतीस, मागून इंजिनं लावल्याशिवाय जमत नाही." मग जरा थांबून, "आपला चढ मघाशी केवढा होता गं?"

एकास वीस तरी असेल, मी ठोकून दिलं. त्यांना ते फार आवडलं.

२९ मे, सकाळ

रात्री कुणी हललं नाही. बाबा पाटाच्या काठावर बसून दुसरा चहा पीत होते, तिसराही मागितला. नऊ वाजले तरी निघायचं नाव नाही. मीही घाई केली नाही.

चाकं उतरवली तर तिसऱ्या चिऱ्याचे दोन तुकडे. पैसे देऊ केले तर काकी हसल्या. बाबांनी तुकडे उचलले, गडग्यातल्या जागी एकमेकांना टेकवून बसवले आणि फटीत तळहाताने ओली माती दाबली.