चाळिसाव्या मिनिटाचा टॉर्च

माझ्या मैत्रिणीच्या पहिल्या सोलो शोचा, म्हणजे एकटीने करायच्या तासाभराच्या स्टँड-अप कॉमेडीचा, अख्खा तांत्रिक विभाग म्हणजे मी. हाताशी दिव्यांची बटणं, एन्ट्रीचं गाणं वाजवायला लॅपटॉप आणि मोबाइलचा टॉर्च. पन्नासाव्या मिनिटाला टॉर्च दाखवायचा, की तिने शेवटच्या बिटकडे (एका विषयावरच्या विनोदांच्या तुकड्याकडे) वळायचं. एवढंच काम होतं आणि तेही मी चुकवलं. (तिचं नाव लिहायचं नाही अशी अट आहे, म्हणून ती इथे फक्त 'ती'.)

ओपन माइकवर, म्हणजे कुणीही येऊन थोडा वेळ विनोद करून बघायच्या मंचावर, पाचाची सात मिनिटं झाली तर होस्ट तोंड वाकडं करतो, विषय संपला. फेस्टिव्हलमध्ये मात्र एकाच खोलीत दिवसभर एकामागून एक शो लागलेले असतात आणि मधे जेमतेम पंधरा मिनिटं. तेवढ्यात आपले प्रेक्षक बाहेर, पुढच्याचे आत, आणि खुर्च्यांखाली पडलेली आपलीच पत्रकं गोळा करायची. सकाळी दोन तास रस्त्यात उभं राहून वाटलेली तीच पत्रकं.

१९४७ साली एडिनबरोच्या महोत्सवाला आठ नाटक कंपन्या आमंत्रण नसताना जाऊन थडकल्या आणि त्यातून फ्रिंज हा बिनआमंत्रणाचा महोत्सव उभा राहिला, हे ती कुणालाही न विचारता सांगते. आम्हालाही कुणी बोलावलं नव्हतं. अर्ज केला, खोली मिळाली. २०२३ मध्ये त्याच फ्रिंजवर भारतीय कॉमिक उरूज अशफाकला नवोदितांचं पारितोषिक मिळालं, तेव्हापासून हिच्या डोक्यात सोलो घोळत होता.

पाच-पाच मिनिटांचे बारा सेट जोडले की तास होतो अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. विसाव्या मिनिटाच्या आसपास लोक हसून दमतात, तिथे जरा शांत बोलावं लागतं, आणि आधी पेरलेलं काहीतरी पुढे उगवावं लागतं. तिच्या वहीत प्रत्येक जोकपुढे खुणा असतात: मोठा हशा दोन रेघा, बारीक हशा एक, पडला तर शून्य. बाबांच्या कुलपाच्या बिटला ओपन माइकवर कायम शून्य. बाबा घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघतात आणि अर्ध्या वाटेतून परत येऊन चौथ्यांदा. सोलोत तिने ते बेचाळिसाव्या मिनिटाला ठेवलं होतं, कारण क्लोजर, म्हणजे शेवटचं बिट, त्यावरच उभा होता: ब्रेकअपनंतर ती त्या घरातून शेवटची बाहेर पडते आणि कुलूप तीनदा ओढून बघते.

मी स्टॉपवॉच सुरू केलं ते दार उघडल्याबरोबर. शो त्यानंतर दहा मिनिटांनी सुरू झाला. साठ खुर्च्या, सतरा माणसं. माझ्या हिशेबाने पन्नास झाली, मी टॉर्च दाखवला. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, पण कॉमिक टॉर्चशी वाद घालत नाही. तिने बाबा गाळले आणि थेट क्लोजर घेतला.

"...आणि मी कुलूप तीनदा ओढून पाहिलं."

शांतता. खोलीतल्या पंख्याचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. मी मोबाइलकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पोटात खड्डा पडला. तिनेही तेच घड्याळ पाहिलं असावं. माइक दुसऱ्या हातात घेत ती म्हणाली, "थांबा, माझ्या बाबांबद्दल सांगायचं राहिलंच."

मग कुलूप आलं. पहिल्यांदा ओढलं, दुसऱ्यांदा ओढलं. तिसऱ्याला शेवटच्या रांगेतले एक गृहस्थ, जे तोवर नुसतं नाकातून हसत होते, मोठ्याने "हां!" म्हणाले. आणि ते हसू मागून पुढे रांगेरांगेने सरकत आलं. कुणी शेजाऱ्याला खुणावत होतं, एक बाई तोंडावर हात धरून बसल्या होत्या. आता तिच्याकडे क्लोजर उरला नव्हता. तिने माइक स्टँडला लावला, तीनदा ओढून बघितला आणि निघाली. दारापर्यंत जाऊन परत आली, चौथ्यांदा ओढला. मी दिवे घालवले. निदान ते तरी वेळेवर.

बाहेर थांबलेला पुढचा कॉमिक तिला म्हणाला, "उलटी रचना भारी होती हं, धाडस लागतं." ती नम्रपणे "थँक्यू" म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रात्री तिने वही उघडी टाकली होती. बाबांच्या बिटपुढे पहिल्यांदा दोन रेघा होत्या. त्याखाली लिहिलं होतं 'टॉर्च', आणि पुढे भलंमोठं शून्य.