बिलात शून्य युनिट, वापर ३३५ : जुळे सोलापुरातली मे महिन्याची नोंद

मे संपला, आधी आकडे देतो. गच्चीवरच्या सोलर पॅनेलने बनवले ४२१ युनिट. वीज कंपनीच्या लाइनवर गेले २३८, लाइनवरून घेतले १५२. म्हणजे घराने वापरले ३३५. गेल्या मे महिन्यात हाच आकडा ४३० होता. सिस्टिम तीच आहे: ५४० वॅटचे सहा पॅनेल, तोंड दक्षिणेला, ३ किलोवॅटचा ऑनग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर. घरात माणसं तेवढीच, ऊनही तसंच. मधले ९५ युनिट कुठे गेले, ते या वेळी सविस्तर लिहितो.

नव्याने सोलर बसवलेल्यांसाठी एक गोष्ट आधी. नेट मीटर फक्त दोनच गोष्टी मोजतो, आलेली वीज आणि गेलेली वीज. दुपारी पॅनेलवरून थेट फ्रिजला, मिक्सरला, पंख्याला जी वीज जाते ती नेट मीटरला दिसतच नाही. त्यामुळे नुसतं बिल बघून घराचा वापर कळणं शक्य नाही. निर्मितीच्या मीटरचा आकडा घ्या, त्यातून गेलेले युनिट वजा करा, आलेले मिळवा. हा आकडा दर महिन्याच्या एक तारखेला वहीत मांडायची सवय लावा. माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत सोलर आल्यावर तो वाढलेला आहे. बिल येत नाही म्हटल्यावर खोलीतून बाहेर पडताना पंख्याच्या बटणाकडे हात जात नाही.

आमचे अण्णा मला सारखं विचारतात, "बिल तर येतच नाही, मग पंखे कशाला बदलतोस?" माझं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग हिशोबाचा. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत थंडी असते, पंखे बंद, अंघोळीचं पाणी सोलर हीटरवर, त्यामुळे युनिट भरपूर शिल्लक पडतात. पण ती शिल्लक ३१ मार्चपर्यंतच पुढे ओढता येते. आर्थिक वर्ष संपलं की उरलेले युनिट कंपनी कमी दराने विकत घेते आणि १ एप्रिलला आपलं खातं पुन्हा शून्यावर. म्हणजे सोलापुरात कूलर बाहेर काढायच्या वेळेलाच हाताशी काही उरत नाही. गेल्या मे महिन्यात २०९ युनिट गेले आणि २२२ आले, तेव्हा १३ युनिटांचं बिल भरावं लागलं. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रात्री आपण घेतो ती वीज दुपारी आपणच दिलेली असं कागदावर असतं, पण प्रत्यक्षात सूर्य मावळल्यावर कोणाचं तरी बॉयलर पेटलेलं असतं. आपल्याकडे ते लांब शोधायला नको. फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प उभा आहे. रात्री वाचवलेला युनिट हा कोळशाचा वाचलेला युनिट आहे, बिलात तो दिसो वा न दिसो.

म्हणून यंदा सुरुवात रात्रीपासून केली. यासाठी यंत्र विकत आणायची गरज नाही. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते तिथेच छापलेलं असतं. माझ्या मीटरवर ३२०० आहे. तसं असेल तर ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागायचं, त्या क्षणाचा भार वॅटमध्ये मिळतो. हे अंधार पडल्यावरच करा. दिवसा पॅनेलची वीज मध्ये येते आणि आकडा फसवा निघतो.

सगळे झोपायच्या आधी पंखे, दिवे बंद केले, फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबायची वाट पाहिली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन मीटरसमोर उभा राहिलो. दर नऊ सेकंदांनी एक लुकलुक. म्हणजे १२५ वॅट, घरात काहीच चालू नसताना! महिन्याला हे ९० युनिट होतात. मग मेन बोर्डावरचे एमसीबी, म्हणजे प्रत्येक लाइनचे स्विच, एकेक करून पाडत गेलो. सगळ्यात मोठा चोर जिन्याखाली निघाला. लाइट गेल्यावर चालणाऱ्या इन्व्हर्टरची जुनी लेड ॲसिड बॅटरी. ती एकटीच ४० वॅट ओढत होती. बॅटरी म्हातारी झाली की पूर्ण चार्ज झाल्यावरही करंट खात राहते. ओळखायची खूण सोपी आहे: डिस्टिल्ड वॉटर वरचेवर घालावं लागतं आणि बाजूला हात लावला की गरम लागते. तुमच्याकडे अशी असेल तर उद्याच तपासा. आमच्याकडे आता नवी आहे. फ्रिजच्या मागचा स्टॅबिलायझर १२ वॅट घेत होता. आमचा फ्रिज इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा आहे आणि व्होल्टेजची जी मर्यादा त्याच्यावर लिहिली आहे तिच्या आतच आमची लाइन राहते, म्हणून तो काढला. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आत चालूच राहतो, तेही १२ गेले. बाकी पाचेक वॅट चार्जर वगैरेंचे. आता लुकलुक वीस सेकंदांनी येते, म्हणजे ५६ वॅट. त्यात वायफाय आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर आहे, ते बंद करायचे नाहीत असं घरात ठरलंय. नुसत्या या कामाने महिन्याला ५० युनिट वाचले.

पंख्यांचं थोडक्यात. रात्रभर चालणारे दोनच बदलले. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० चा, त्यातून महिन्याला साधारण २५ युनिट. जे पंखे तासभर चालतात ते बदलण्यात आत्ता पैसे घालू नका. आणि वायरमनला जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी द्यायला सांगा, बीएलडीसी त्या रेग्युलेटरवर नीट चालत नाही.

मला सगळ्यात जास्त आनंद चुन्याने दिला. होळी झाल्यावर गच्चीच्या उघड्या भागाला चुन्याचे दोन हात मारले, पहिला आडवा, दुसरा उभा. चुना आदल्या रात्री भिजवून, गाळून, त्यात फेविकॉल घातलं म्हणजे पायाला लागत नाही. काम ऊन उतरल्यावर करायचं, नाहीतर चुना धरायच्या आधीच वाळून पापुद्रे सुटतात. मे महिन्यात संध्याकाळी पाचला थर्मामीटर गनने छताची खालची बाजू मोजली. चुन्याखालच्या खोलीत ३६ अंश, आणि जिन्यावरच्या, चुना न मारलेल्या स्लॅबला ४१. पॅनेलच्या सावलीतला भाग चुन्याइतकाच थंड होता, हेही कळलं. पूर्वीची माळवदाची घरं उन्हाळ्यात का सुसह्य असायची याचा विचार करत मी बराच वेळ त्या खोल्यांतून फिरत होतो. आई आता दुपारी मधल्या खोलीत कूलरशिवाय झोपते. उरलेले वीस युनिट तिथून आले.

कूलरबद्दल माझं मत ठाम आहे. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत एसीआधी कूलरच. एक टनाचा एसी आठशे-हजार वॅट घेतो, कूलर दीडशे ते दोनशे. अट एकच, समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होऊन अंग चिकट होतं. अडचण विजेची नाही, पाण्याची आहे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा कूलरला किती घालायचं हा रोजचा प्रश्न. हजार लिटर पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला मात्र साधारण एक दशांश युनिट लागतो, त्यामुळे मोटरच्या युनिटांची काळजी करू नका, पाण्याचीच करा.

पॅनेल पहाटे, तापायच्या आत धुतो. बोरच्या पाण्याने काचेवर पांढरे डाग धरतात आणि आरओचं वाया जाणारं पाणीही क्षारयुक्त असतं. नळाचं पाणी आणि मऊ मॉप, एवढंच. मे महिन्यात दुपारचा आकडा मार्चपेक्षा कमी दिसला तर घाबरू नका. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते, आपल्याकडे ते ६५ अंशांपर्यंत तापतं, आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं. तिथेच १४ टक्के गेले.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रविवारी भर दुपारी आमच्या गल्लीत व्होल्टेज २५३ च्या वर चढतं आणि सोलरचा इन्व्हर्टर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. आता त्या वेळेला वॉशिंग मशीन आणि इस्त्री लावतो, तेवढ्याने बऱ्याचदा निभावतं. जूनमध्ये ट्रिप झालेल्या वेळा आणि तेव्हाचं व्होल्टेज लिहून ठेवणार आहे, वीज कंपनीला द्यायच्या लेखी अर्जाला जोडायला. तुमच्याकडे असं होत असेल तर मीटरजवळचं आणि इन्व्हर्टरजवळचं व्होल्टेज एकाच वेळी मोजून कळवा. दोन्हींत फरक जास्त निघाला तर दोष आपल्याच केबलच्या जाडीत असू शकतो, आणि तो अर्ज न करताही दुरुस्त करता येतो.