एअर इंडिया गटाचे २०२४: विलीनीकरण, कोडशेअर आणि तुमचे तिकीट

टाटांनी एअर इंडिया ताब्यात घेतली २७ जानेवारी २०२२ ला. चार विमान कंपन्यांच्या दोन झाल्या त्या मात्र २०२४ मध्ये. १ ऑक्टोबरला एआयएक्स कनेक्ट, म्हणजे जुनी एअरएशिया इंडिया, एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये गेली. १२ नोव्हेंबरला टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्सची विस्तारा एअर इंडियात आली आणि सिंगापूर एअरलाइन्सला नव्या कंपनीत २५.१ टक्के हिस्सा मिळाला.

विस्ताराच्या प्रवाशांसाठी केलेली सोय फार विचारपूर्वक होती. त्यांच्या विमानांना '२' पासून सुरू होणारे चार आकडी क्रमांक दिले. यूके हा विस्ताराचा कोड, एआय एअर इंडियाचा; यूके ९५५ ची एआय २९५५ झाली. विमान तेच, कर्मचारी तेच, त्यामुळे तिकीट काढतानाच आत काय मिळणार ते कळत होते. जुन्या एअर इंडियाच्या केबिनबद्दल तसे म्हणता येत नव्हते. ६७ जुन्या विमानांच्या नूतनीकरणाचा ४० कोटी डॉलरचा कार्यक्रम सप्टेंबरमध्ये सुरू झाला, तोही आधी २७ ए३२० निओ या एअरबसच्या छोट्या विमानांपासून. लांब पल्ल्याच्या जुन्या बोइंगना थांबावे लागले, आणि खरी गरज तिथेच होती.

भागीदारीत सर्वात मोठे पाऊल सिंगापूर एअरलाइन्सबरोबरच्या कोडशेअरचे, म्हणजे एका कंपनीच्या विमानाचे तिकीट दुसरीने आपल्या क्रमांकाने विकण्याचे. ऑक्टोबरच्या अखेरीस त्या कोडशेअरमध्ये ११ भारतीय शहरे आणि ४० आंतरराष्ट्रीय ठिकाणे वाढली. एकाच तिकिटावर पुढचे विमान मिळते, हा मोठा फायदा. पण गोंधळही इथेच होतो.

तिकिटावर एआय क्रमांक असला तरी विमान दुसऱ्याचे असू शकते. 'ऑपरेटेड बाय' ही ओळ आधी वाचा. वेब चेक-इन आणि बहुतेकदा सीट निवडही प्रत्यक्ष उड्डाण करणाऱ्या कंपनीकडे होते. तिचा पीएनआर वेगळा असतो. तो तिकीट देणाऱ्या कंपनीकडून मागून घ्या. वेळ बदलली की तिकीट रीइश्यू झाले का, म्हणजे बदलासह पुन्हा जारी झाले का, हेही विचारा. नाहीतर आरक्षणात नवे विमान दिसते, पण ई-तिकीट जुन्याच विमानाचे राहते आणि काउंटरवर चेक-इन अडते. १३ आकडी तिकीट क्रमांकाची सुरुवात कोणी तिकीट दिले ते सांगते: ०९८ म्हणजे एअर इंडिया. बदल आणि परताव्यासाठी त्याच कंपनीकडे जायचे.

परदेशातून येऊन पुढे देशांतर्गत विमान घ्यायचे असेल, तर बॅगेला शेवटच्या शहराचा टॅग असला तरी सहसा भारतातल्या पहिल्या विमानतळावर ती घेऊन कस्टम्समधून जावे लागते आणि पुन्हा जमा करावी लागते. दोन विमानांमध्ये तेवढा वेळ ठेवा.

सामानाची मर्यादाही तपासा. मे २०२४ पासून एअर इंडियाच्या स्वस्त देशांतर्गत भाड्यांत १५ किलोच मोफत नेता येते. एक्स्प्रेसच्या लाइट भाड्यात तर चेक-इन बॅग धरलेलीच नसते.

नेहमीच्या प्रवाशांना पॉइंट देणारी क्लब विस्तारा ही योजना आता एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये आहे. भागीदाराच्या विमानाचे पॉइंट भाड्याच्या वर्गावर ठरतात आणि काही वर्गांना मिळतच नाहीत. पॉइंट जमा होईपर्यंत बोर्डिंग पास टाकू नका. दावा करताना तो मागतात.