मरिंब्यामागची रूथ

रविवार, रात्र

दुपारपासून अमेरिकन तालवादक रूथ अंडरवूडच ऐकते आहे. ‘इंका रोड्स’ या गाण्यातला मरिंब्याचा तुकडा किती वेळा मागे नेला, मोजलं नाही. आपल्या काष्ठतरंगासारख्याच लाकडी पट्ट्या, पण खाली नळ्या असल्यामुळे नाद घुमतो. इतक्या वेगातही एकेक सूर सुटा, दाणेदार. हात असा बसायला किती रियाज लागला असेल!

रूथ न्यूयॉर्कच्या जूलियार्ड या संगीतविद्यालयात शिकली. गुरू सॉल गुडमन, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राचे टिंपनीवादक, म्हणजे मोठे नगारे वाजवणारे. अशा तालमीतल्या वादकाची नेहमीची जागा ऑर्केस्ट्रातली मागची रांग. ऐंशी-शंभर बार, म्हणजे तिकडची आवर्तनं, मनात मोजत उभं राहायचं आणि नेमक्या क्षणी झांजा वाजवून पुन्हा मोजायला लागायचं. त्या थांबण्याची किंमत मला कळते. विलंबित एकतालाचा ठेका धरून मीही खूप बसले आहे. गाणं दुसऱ्याचं असतं, आपण त्याची जमीन सांभाळायची. त्यात आनंद आहेच. पण हातात असलेलं पुष्कळसं हातातच राहतं, हेही खरं.

1967 साली न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या गॅरिक थिएटरात रॉक संगीतकार फ्रँक झॅपाचे कार्यक्रम चालू होते. विशीतली रूथ पुन्हापुन्हा तिथे जाऊन बसायची. पुढे त्याच्याबरोबर वाजवू लागली. 1969च्या ‘अंकल मीट’ या त्याच्या ध्वनिमुद्रिकेत ती आहे, माहेरच्या नावाने, रूथ कोमानॉफ.

झॅपाने तिला मागच्या रांगेतून काढून मुख्य चालच हातात दिली, याचं मला फार अप्रूप वाटतं. कीबोर्ड जे वाजवणार तेच मरिंब्यावर, त्याच लयीत, सुराला सूर लावून. त्या रचना कागदावर लिहिलेल्या असायच्या. ते कागद वाचायला आणि पेलायला जूलियार्डमध्ये घडलेला हातच हवा होता. 1973च्या डिसेंबरात हॉलिवूडच्या रॉक्सी थिएटरात झालेल्या त्याच्या कार्यक्रमांचं चित्रीकरण आहे. त्यात ती वाद्यांच्या गराड्यात अंग झोकून वाजवते, आणि चेहऱ्यावर निखळ हसू. मी ते पाहताना दर वेळी रडवेली होते.

झॅपाच्या 1976च्या न्यूयॉर्कच्या मैफली ध्वनिमुद्रिकेवर आल्या 1978 साली. तिथे तिच्या नावापुढे तालवाद्यं, सिंथेसायझर आणि ‘माणसाला अशक्य अशी ओव्हरडब’ (मूळ मुद्रणावर नंतर चढवलेलं वादन) असं लिहिलं आहे. झॅपाबरोबरची दहाएक वर्षं, मग ती वादनातून बाजूला झाली. मला याची हळहळ वाटते. तिला तशी वाटावी असा माझा हट्ट नाही.

2020च्या झॅपावरच्या माहितीपटात ती पुन्हा दिसली. केस पिकलेले. पियानोशी बसून ‘द ब्लॅक पेज’ वाजवते. झॅपाने त्याचा ड्रमवादक टेरी बॉझिओसाठी लिहिलेली ही रचना, कागद काळा दिसावा इतके सूर. समोर ना बँड, ना गर्दी. एकेका सुरावर बोट ठेवत, जपून वाजवते.

साडेअकरा झाले. तेवढंच पुन्हा लावते आहे, आवाज कमी करून.