लाटणं कुठे गेलं?

रविवारी दुपारी पोळ्यांची वेळ होते आणि लाटणं जागेवर नसतं. घरात धावणारं कुणी असेल तर फार शोधावं लागत नाही. ते दिवाणाशेजारी फरशीवर पडलेलं असतं. सकाळी एकवीस किलोमीटर झालेले असतात आणि भरून आलेल्या पिंढऱ्यांवर लाटणं फिरवून झालेलं असतं.

खरं तर पोटरी चेपावी ती दुसऱ्यानेच. दिवेघाट चढून सासवडला टेकलेल्या वारकऱ्याचे पाय कुणी चेपून देतं, तेव्हा तो नुसते पाय पसरून बसतो. पोटरी सैल असते, म्हणून बोटं आत जातात. स्वतःचे पाय चेपताना नेमकं इथेच अडतं. पुढे वाकलं की पाऊल नकळत ताणलं जातं, पोटरी आवळते आणि अंगठे त्या आवळलेल्या मांसावर घासत बसतात. दुसऱ्या दिवशी तक्रार ठरलेली: मालीश केली आणि जास्तच दुखलं.

त्यापेक्षा पाठीवर आडवं व्हावं. डावा गुडघा उभा करून उजवी पोटरी त्यावर टाकावी आणि पाय सोडून द्यावा. आता पायाचं वजनच दाब देतं, हातांना काही काम नाही. घोट्याच्या चार बोटं वरून सुरुवात करून पोटरी गुडघ्यावरून सावकाश सरकवावी. ठणकणारी जागा लागली की तिथे वीस-तीस सेकंद थांबायचं आणि त्याच दाबाखाली पाऊल चार-पाच वेळा वर-खाली करायचं. श्वास रोखावा लागला तर दाब जास्त झाला. एका पायाला दोन मिनिटं पुरतात.

पोटरीत एकावर एक दोन स्नायू आहेत, हे बहुतेक मालीश करणारे विसरतात. हाताला लागतो तो वरचा, दोन गड्ड्यांचा. तो गुडघा ओलांडून मांडीच्या हाडाला चिकटलेला. त्याच्याखालचा चपटा स्नायू गुडघ्याच्या खालीच सुरू होतो. दोघं मिळून टाचेमागच्या दोरीसारख्या जाड कंडरेत उतरतात. पाय सरळ ठेवून लाटणं फिरवलं की ताणलेला वरचाच रगडला जातो. लांब धावणाऱ्याचा खालचाही तितकाच राबलेला असतो, पण त्याच्या वाट्याला काही येत नाही. त्यासाठी खुर्चीत बसून गुडघा काटकोनात घ्यायचा, चमचाभर तेल लावायचं आणि पोटरीच्या खालच्या अर्ध्या भागात, दोन्ही कडांनी अंगठे आत सारत वर न्यायचे. हात घोट्याकडून गुडघ्याकडेच जावा. रक्तालाही परत तिकडेच चढायचं असतं. नडगीच्या हाडावर लाटणं नको, आणि गुडघ्यामागच्या लवणीत तर बोटसुद्धा रुतवू नये. तिथून नसा आणि मोठ्या रक्तवाहिन्या जातात.

रात्री गोळा आला की लोक आधी तो रगडायला धावतात. आधी पाऊल स्वतःकडे ओढून धरावं, गोळा सुटू द्यावा, चोळणं मग. धावताना मागून कुणी दगड मारल्यासारखं वाटून पोटरी धरली असेल, तर बहुधा स्नायूचे धागे तुटलेले असतात. पहिले दोन-तीन दिवस तिथे तेल, लाटणं काहीच नको. आणि एकच पोटरी सुजली, गरम लागते, दुखते, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, तर मालीश अजिबात करू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटली तर फुप्फुसात जाऊन अडकते.

एवढं करून वेग वाढतो का? नाही. चोळून कुणी जोरात पळत नाही. घोटा थोडा मोकळा होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची रग जरा कमी जाणवते, एवढंच. धावताना स्नायूंत तयार होणारं लॅक्टिक आम्ल मालीशने पिळून काढल्याच्या गोष्टी सोडून द्याव्यात. ते धावणं थांबल्यावर तासाभरात आपोआप ओसरलेलं असतं. शर्यतीच्या सकाळी तर अर्ध्या मिनिटाची हलकी चोळाचोळ बास. त्या दिवशी खोल रगडून नवं दुखणं कशाला काढायचं?

लाटणं मात्र वेगळं आणावं. तिळाचं तेल लाकडात मुरतं, आणि मग पहिल्या दोन पोळ्या कुणी खायच्या यावरून घरात वाद होतो.