डोलकाठीच्या नळीतलं पाणी

रविवार, रात्री पावणेअकरा

होडी आली. अंगणात पेरूखाली ठेवलीय, पुढची बाजू दोन टायरांवर उचलून. हात भरून आलेत, पण आजचं आजच लिहून ठेवतो. उद्या ऑफिस सुरू झालं की बारीकसारीक निसटतं.

पहाटे पाचला साताऱ्यातून निघालो. मी, लेक आणि एमआयडीसीत फायबरच्या टाक्या बनवणारा माझा मित्र. शिडाची होडी त्याने जन्मात पाहिली नव्हती, पण फायबर त्याच्या हाताला कळतं, म्हणून त्याला ओढूनच नेलं. खडकवासल्याच्या बाजूला एका शेडमध्ये ही लेझर जातीची शिडाची होडी पडून होती. लेझरच का, हे घरात शंभरदा सांगून झालंय. सांगाडा, म्हणजे होडीचं अंग, एकच, शीड आणि डोलकाठीचा खालचा तुकडा बदलला की होडी लहानमोठ्याला चालते. मला ७.०६ चौरस मीटरचं शीड, लेकीला सध्या ४.७ चं, पुढे तिला मधलं. भारताची नेत्रा कुमनन टोकियो ऑलिंपिकला उतरली ती याच सांगाड्यावर, मधलं शीड लावून. तिचा फोटो लेकीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

लांबून होडी छान दिसत होती. मित्राने खिशातून दहाचं नाणं काढलं आणि वीत-वीत अंतरावर टकटक करत निघाला. फायबर घट्ट असेल तिथे आवाज खणखणीत येतो, थर सुटले असतील तिथे भद्द. पाय ठेवायच्या जागेत एका ठिकाणी आवाज बसला. अंगठ्याने दाबलं तर किंचित लवत होतं. "एवढं चालायचंच," म्हणाला.

मग वजन. ओळखीच्या भुसार दुकानातून टांगायचा काटा मागून नेला होता. लेझरचा कोरडा सांगाडा ५९ किलोचा. काटा ६७ वर थांबला. विकणारे गृहस्थ म्हणाले, "उघड्यावर असते हो, ओल धरली असेल." मित्र नुसता माझ्याकडे बघत राहिला.

या होडीत डोलकाठीला धरून ठेवायला तारा नसतात. ती एका खोल नळीत नुसती उभी राहते आणि वाऱ्याचा सगळा जोर त्या नळीवर येतो. नळीच्या बुडाशी चीर असली की पाणी पोटात जातं, आणि एखाद दिवशी भर वाऱ्यात डोलकाठी डेक फाडून आडवी होते. लेक चौदा वर्षांची आहे. बाकी कशातही मी तडजोड केली असती, यात नाही. नळीत पाणी ओतलं, लेकीने आतून मार्करने खूण केली आणि मोबाईलचा टॉर्च धरून ओणवी बसली.

तोवर मी डोलकाठीचा वरचा तुकडा फरशीवर लोळवून पाहिला. वाकलेला असेल तर तो लंगडत फिरतो. हा सरळ गेला. सुकाणूच्या बिजागऱ्या हलवल्या, घट्ट होत्या. शीड मात्र जुन्या धोतरासारखं मऊ पडलेलं, नवं घ्यावं लागणार.

"बाबा, खूण वर राहिली."

पाणी बोटभर उतरलं होतं.

मी परत निघायच्याच मनात होतो. लेक काही बोलली नाही, टॉर्चही बंद केला नाही. मग तिने मित्रालाच विचारलं, "काका, तुम्हाला जमेल?" तो म्हणाला, डेकला गोल भोक पाडू, आत हात घालून नळीभोवती फायबरची मॅट आणि रेझिनचे थर देऊ, वर फिरवून बसणारं आट्यांचं झाकण बसवू. "पण पोट आधी खडखडीत वाळलं पाहिजे. ओल्यावर रेझिन धरत नाही." विकणाऱ्यांनी खूण स्वतः वाकून पाहिली आणि वाद न घालता वीस हजार कमी केले. त्यांचं हे वागणं मला फार आवडलं.

येताना खंबाटकीपासून लेक टेम्पोच्या काचेतून मागेच बघत होती. कासवरून बामणोलीला उतरलं की कोयना धरणाच्या शिवसागराच्या पाण्यात लाँचच लाँच दिसतात, शीड मी अजून एकही पाहिलेलं नाही. तिथे वारा सुटलेला पाहिला की माझा जीव कासावीस होतो. परवानगीची चौकशी या आठवड्यात करायचीच.

आता होडीचं मागचं बूच काढून ठेवलंय. थेंब थेंब गळतंय. खाली लेकीने पातेलं लावलंय आणि भरलं की लिटर मोजून न्हाणीच्या दारावर खडूने रेघ मारते. झोपायला गेली तेव्हा साडेतीन रेघा झाल्या होत्या.