आईची भुलाबाईची गाणी आणि जुना आयपॉड

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आईने म्हटलेली भुलाबाईची 19 गाणी मी कॅसेटवर घेतली होती. पुढे ती संगणकावर उतरवली आणि 2008 साली घेतलेल्या 80 जीबीच्या आयपॉड क्लासिकमध्ये भरली. कालांतराने कॅसेटला बुरशी लागली, तो संगणक भंगारात गेला, आणि आई गेल्यावर तिचा आवाज तेवढा या आयपॉडमध्ये उरला. यंदा कोजागिरीच्या आत ही गाणी अमरावतीला बहिणीकडे पोहोचवायचीच, असे ठरवून मी आयपॉड घरच्या नव्या संगणकाला जोडायला घेतला.

मूळ वायर सापडेना, म्हणून बर्डीवरच्या एका दुकानातून रुंद तोंडाची 30 पिनांची वायर आणली. तिने आयपॉड चार्ज होऊ लागला, पण संगणकाला त्याचा पत्ताच लागेना. दोन संध्याकाळी मी संगणक बंद-चालू करण्यात आणि ड्रायव्हर शोधण्यात घालवल्या. शेवटी शेजारच्या मुलाने विचारले, "काका, ही वायर नुसती चार्जिंगची तर नाही ना?" यूएसबीच्या साध्या वायरीत वीज नेणाऱ्या दोन आणि माहिती नेणाऱ्या दोन अशा चार तारा असतात, केवळ चार्जिंगसाठी केलेल्या वायरीत माहितीच्या तारा नसतात. दुसरी वायर आणून ती कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात लावली, तेव्हा संगणकाने पहिल्यांदा टिंग केले.

खरी काळजी पुढेच होती. आयट्यून्समध्ये, म्हणजे आयपॉडसाठीच्या ॲपलच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये, गाणी भरण्याची रीत संगणकाकडून आयपॉडकडे अशी आहे, आणि एका लायब्ररीशी जुळवलेला आयपॉड दुसऱ्या संगणकावर जुळवायला गेले, की आधीचे पुसून नव्याने भरायचे का, असे ते विचारते. तिथे घाईने होकार दिला असता, तर आईचा आवाज गेला असता. म्हणून मी या संगणकावर आयट्यून्स टाकलेच नाही. मेन्यू आणि मधले बटण एकत्र दाबून धरले, पडद्यावर सफरचंदाची खूण येताच ती बटणे सोडून लगेच मधले आणि प्लेचे बटण दाबून धरले, आणि तिसऱ्या प्रयत्नात आयपॉड डिस्क मोडमध्ये गेला. तो पूर्वी विंडोजवरच फॉरमॅट केलेला असल्यामुळे पेनड्राइव्हसारखा ड्राइव्ह म्हणून उघडला. मॅकवर केलेला असता, तर विंडोजला तो असा वाचता आला नसता.

ड्राइव्ह उघडला तरी त्यात गाणी दिसत नव्हती, कारण ती लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. एक्स्प्लोररमध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याच्या पर्यायावर खूण केल्यावर 'आयपॉड कंट्रोल' आणि त्याच्या आत 'म्युझिक' हे फोल्डर दिसले. त्यात एफ शून्य शून्यपासून सुरू होणारे अनेक फोल्डर होते, आणि प्रत्येक फाइलला अर्थ न लागणारे चार अक्षरांचे नाव होते. ते पाहून क्षणभर धीर सुटला. तरीही काहीही उघडून न पाहता मी आधी संपूर्ण फोल्डर संगणकावर कॉपी केला, आणि कोणालाही हाच क्रम सांगेन. फाइलचे नाव बदलले असले, तरी गाण्याचे शीर्षक आणि गायकाचे नाव फाइलच्या आतच नोंदलेले राहते. सगळ्या फाइली एकत्र शोधून त्या कलाकाराच्या रकान्याप्रमाणे लावल्या, आणि मी त्या वेळी टाइप केलेला 'आई' हा शब्द एकाखाली एक 19 वेळा समोर आला.

पहिली फाइल लावली. आधी टेपरेकॉर्डरचे बटण दाबल्याचा खटका, मग आईचा आवाज आला, "डब्याचं झाकण लाव आधी, पोरी खिरापत ओळखतील." त्यानंतर गाणे सुरू झाले. मी सगळी 19 गाणी शेवटपर्यंत ऐकली, एकही तुटलेले नव्हते. आयपॉड रीतसर इजेक्ट करून मगच वायर काढली, गाणी दोन पेनड्राइव्हवर घेतली आणि त्यातला एक दुसऱ्या दिवशी अमरावतीला पाठवला.